बिडीची सुट्टी

१७ जानेवारी २०१३

सारजा आज बिडी ओढताना दिसली!

माझी सख्खी धाकटी जाऊ. तळ्याच्या बांधावर, छबुबाईला खेटून, तोंडापुढं पदर धरून. आधी वाटलं ऊन लागलं असंल. मग पदरातून धूर निघाला. डोकंच फिरलं माझं. सगळ्या टोळीदेखत म्हणले, "वा गं वा! नवरा गेला आन् आता ह्येच सुख राहिलंय का?" बाप्ये हसले. तिनं बिडी संपवली, घमेलं उचललं आन् गेली.

हसणाऱ्यात आमचे मालक पण होते. घरी आल्यावर म्हणतात, "तुला कावून एवढा राग? तिनं तिची वढली, तुझी तर न्हाई ना?"

बाईमाणसानं चारचौघात बिडी! छबुबाईचं वेगळं. ती म्हातारी, तिला लाज कुणाची.

२१ जानेवारी

आज सुंदरराव आले होते, आमच्या मजूर संस्थेचे चेअरमन. पाऊस न्हाई, तळं कोरडं ठणठणीत, म्हणून गाळ काढायचं काम निघालं आन् ते आमच्या संस्थेनं घेतलं. दिवाळीपासून चालू हाय. टोळीची मुकादम मी. बाई मुकादम केली म्हणून सभेत सुंदररावांनीच टाळ्या वाजवल्या होत्या. आज गाडीतून पाय खाली टाकायच्या आधीच ओरडले, "भामाबाई, माणसं बसलेली दिसतेत!"

म्हणले, "बिडीला बसलेत, अण्णा."

"मग ठीक हाय."

हे असंच असतं. बिडीला बसलेल्या माणसाला कोणी उठवत न्हाई. तंबाखू दाढंला धरून घमेलं उचलता येतं. मिश्री बाया घरूनच लावून येतात. पण बिडीला दोन्ही हात लागतात, घमेलं खाली ठेवावं लागतं. म्हणून बिडी संपंपर्यंत सुट्टी. नुसतं बसलं तर तो कामचोर. सासऱ्याच्या मुकादमीत हेच, मालकांच्या मुकादमीत हेच, माझ्यातही हेच. मी काही नवा कायदा केला न्हाई.

२ फेब्रुवारी

सारजा मागं पडती. भरलं घमेलं घेऊन बांध चढायला लागली की मधीच उभी. तिच्या मागची सगळी रांग उभी. मी खालून ओरडते, "चढ की! लग्नाला निघालीस का?"

छबुबाई म्हणली, "मुकादमीण, तुझ्या जावंच्या छातीत मांजर बसलंय. कान लावून ऐक, घुरघुर घुरघुर करतंय."

म्हणले, "मग दूध पाज त्याला."

सगळे हसले. खोकल्याचं काय एवढं? आमच्या घरी सगळेच खोकतात. मालक पहाटं खोकायला लागले की कोंबड्याला आरवायची गरज पडत न्हाई. मग एक बिडी ओढतात, कफ पडतो, म्हणतात मोकळं झालं. सारजाचा नवरा सटवा, माझा दीर, तोही असाच खोकत गेला. चिलीम ओढायचा. लोक म्हणले टीबी. दवाखान्यात कोणी नेलंच न्हाई.

९ फेब्रुवारी

सारजा आता भाकरीच्या आधी पण बिडीला बसती. पदर पण धरत न्हाई. लाज सोडली.

१८ फेब्रुवारी

आज सारजा नुसतीच बसली. हातात बिडी न्हाई. दोन्ही हात गुडघ्यावर टेकून, मान खाली घालून.

म्हणले, "बिडी कुठंय?"

"सरल्या, बाई. जरा दम घेते."

"दम घ्यायचा असंल तर घरी जाऊन घे. बिडी न्हाई तर ऊठ."

माझी जाऊ हाय म्हणून तिला बसू दिलं आसतं तर टोळीनं काय म्हणलं आसतं? मुकादमाला नात्यागोत्यात बघून चालत न्हाई. तेवढ्यात छबुबाईनं तिच्या मांडीवर एक बिडी टाकली. "घे गं, तुझा बसायचा पास!" मोठा हशा झाला. मी पण हसले. सारजानं पेटवली, पहिल्याच झुरक्याला खोकून खोकून वाकडी झाली, डोळ्यांत पाणी आलं. पण बसली. बिडी संपंपर्यंत बसली.

मी संपायची वाट बघत उभी होते.

२७ फेब्रुवारी

साखर कारखान्याच्या वतीनं तीन तारखेला शाळेत छाती तपासायचं शिबिर हाय. रिक्षा भोंगा लावून फिरती. "बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, चालताना दम लागणाऱ्यांनी जरूर यावे!" टोळीतला हरिबा म्हणतो, "म्हंजी समदा गावच बोलावला की." सुंदररावांचा निरोप आला, टोळीला दुपारून सोडा, फोटोत माणसं भरपूर दिसली पाहिजेत.

कामाचा खोळंबा.

३ मार्च

कसं लिहू.

शाळेच्या खोलीत एक मशीन होतं, नळीत फुकायचं. बाप्यांनी त्याची कुस्ती करून टाकली. हरिबा दंड थोपटून म्हणला, "माझ्या फुकीनं मशीन पाटोद्याला जाईल बघा!" आन् फुकता फुकता मधीच खोकायला लागला. मालक फुकले. डॉक्टरीण, आमच्या पोरीच्या वयाची, त्यांना म्हणली, "काका, तुमचंही सुरू झालंय. आज बिडी सोडली तर बरंच वाचेल." हे बाहेर आले आन् पहिलं काम बिडी पेटवली. म्हणे, "मशीनच बाद हाय."

मग सारजा. डॉक्टरीण म्हणत होती, "फुंका, फुंका, आणखी, थांबू नका." सारजाचं फुकणं सुरू झालं आन् सरलं. परत लावलं, परत तेच. मी तिच्या चपला आन् पिशवी धरून बाजूलाच उभी होते.

डॉक्टरणीनं विचारलं, "बिडी किती वर्षांपासून?"

"दिवाळीपून. काम लागलं तवापून."

"या वयात? कशाला सुरू केली?"

"बसायला."

"म्हणजे?"

सारजा म्हणली, "छातीत हवा पुरत न्हाई, मॅडम. बांध चढला की जीव जातो. बिडीला बसलं की बसू देतेत. म्हणून."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवला. "दम घ्यायला बिडी ओढता तुम्ही?"

"व्हय."

"कोण बसू देत नाही?"

आता माझं नाव घेणार, असं वाटलं.  सारजानं माझ्याकडं बघितलं पण न्हाई. म्हणली, "कामाची रीतच हाय तशी."

४ मार्च

काल सगळे बाहेर गेल्यावर मी डॉक्टरणीला एकटीला गाठलं होतं. ते काल लिहवलं न्हाई.

ती म्हणली, हा टीबी न्हाई. ताटात जेवलं, शेजारी झोपलं तरी लागत न्हाई. छातीच्या आतल्या नळ्या धुरानं सुजून बारीक होतात, फुगे असतात ते फाटतात. जे गेलं ते परत येत न्हाई. गावात दहातले नऊजण ह्याला म्हातारपण समजतात न्हाईतर टीबी म्हणून लपवतात. बहुतेक जणांना बिडीनं होतं. पण बायांना चुलीनंही होतं, आन् नवऱ्याच्या धुरानंही.

मला एकच विचारायचं होतं. म्हणले, "चार महिन्यांच्या बिडीनं एवढं होतं का?"

"नाही. एवढं एकदम नाही होत. हे फार वर्षांचं आहे."

आन् मला बरं वाटलं! छातीवरचा धोंडा उतरावा तसं. वाटलं, सुटले. सटव्याची चिलीम, सासूची चूल, त्यांच्या डोक्यावर जाऊ दे सगळं.

मग ती म्हणली, "पण मावशी, दुष्काळात एखाद्या घरात एकच घागर उरलीय. ती कोणी रोज थोडी थोडी सांडली, तर चार महिने कमी असतात का?"

 तिला माहीत नव्हतं ती कुणाशी बोलतीय.

आधी मला बरं वाटलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. देवानं तर बघितलंच असंल.

७ मार्च

सारजाला औषधाचा पंप दिलाय, तोंडात धरून ओढायचा. ती घ्यायला तयार न्हाई. म्हणती, "त्याची सवय लागती म्हणतेत लोक." गावात सगळे तेच सांगतात. पंप लागला की माणूस गेला समजा. मी पण म्हणायचे, माझ्याच तोंडानं, किती जणांना.

छबुबाई आज दारात उभी राहून म्हणली, "बिडीची सवय लागली तवा कुणी आडवं आलं न्हाई. पंपाला मात्र समदे वैद्य झाले!" बोलली तिला, बघितलं माझ्याकडं.

शेवटी सारजा पंप घ्यायला तयार झाली, पण तिला दम धरता येत न्हवता, औषध तोंडातच राहायचं. मी वैतागून म्हणले, "अगं, बिडीवानी वढ की!"

पहिल्याच झटक्यात जमलं तिला.

मी उठून परड्यात गेले आन् उगंच शेळीला चारा टाकत राहिले. तिच्यापुढं चारा होताच.

११ मार्च

टोळीला सांगितलं, आजपासून सगळ्यांनी बसायचं. बिडी असो नसो. ज्याला दम लागला त्यानं टेकायचं.

कोणाचा विश्वास बसला न्हाई. बाया बुडाखाली चप्पल घेऊन बसल्या, पण अंग उठायच्या बेतात. रस्त्यावर गाडी वाजली की घमेल्याला हात. बाप्यांनी नेहमीसारख्या पेटवल्या. हरिबा म्हणतो, "मुकादमीण, फुकट सुट्टी पचत न्हाई, पेटवून घेतो."

दुपारी सुंदरराव आलेच. "भामाबाई, आख्खी टोळी बसली? काय हळदीकुंकू हाय का?"

म्हणले, "दम घेतेत."

"बिड्या तर दिसंनात."

"दम घ्यायला बिडी कावून लागावी, अण्णा?"

ते हसले न्हाईत. म्हणले, "माप कमी भरलं तर मुकादम बदलावा लागंल. सुग्रीव हायेच की, तुमचा नवरा." मालक माझ्या शेजारीच उभे होते. खाली मातीकडं बघत राहिले. न्हाई म्हणले न्हाईत.

मला तेव्हा सांगता आलं आसतं. माझ्यामुळं एक बाई बिडीला लागली, म्हणून. मी काय म्हणले? "डॉक्टरणीनं सांगितलंय." बस.

१२ मार्च

सारजाला सगळ्यांपुढं म्हणले, "उद्यापून कामावर येऊ नको." धुळीत येऊ नको असं डॉक्टरणीनं सांगितलंय, म्हणून म्हणले. पण माझी जीभच तशी. हाकलल्यासारखं वाटलं असंल का?

ती "बरं, बाई" म्हणली. ती सगळ्यालाच बरं म्हणती.

१९ मार्च

सारजाच्या दाराला कडी. शेजारीण म्हणली, दिंद्रुडकडं गेली. का गेली, तिलाही ठाऊक न्हाई. मला सांगून गेली न्हाई. जाऊ दे! मी काय तिची राखण करू?

२४ मार्च

सारजाला काल जीपमधी घालून आंबाजोगाईला नेलं. दिंद्रुडच्या अलीकडं जनावरांची छावणी हाय, तिथं कडबा तोडायच्या कामाला लागली होती. सगळा कडब्याचा भुस्सा. काल तिथंच पडली. ओठ निळे.

मी कामावर येऊ नको म्हणले, पण घरी बसून काय खाशील, हे विचारलंच न्हाई. माझ्या घरी ये म्हणले न्हाई. वाटलं, मी चांगलं केलं.

छावणीतली एक बाई जीपमधी सोबत आली होती. तिला विचारलं, "तिथं बिडी वढत होती का?"

"वढायची की. आमच्याकडं बी बिडीलाच बसू देतेत."

२६ मार्च

आज होळी. गावात बोंबा मारत असतील. मी दवाखान्यात, सारजाच्या खाटंजवळ. नाकाला नळी लावलीय. पाठीला उशा देऊन बसवलंय तिला, आडवं झालं की घुसमटती. बोलायला एकेक शब्द वेगळा काढावा लागतो.

घरून निघताना ठरवून आले होते. जवळ सरकून म्हणले, "सारजे, माझ्यामुळं तुला—"

तिनं मला पुढं बोलूच दिलं न्हाई. म्हणली, "मुकादमीण... हितं... बिडी न वढता... बसू देतेत." आन् हसली. खरंच हसली! नळीतून शिट्टी वाजली.

मला हसता आलं न्हाई. तिच्या बिड्या बघून हसले, तिच्या खोकल्यावर हसले, आन् आज तिनं स्वतः हसवलं तर तोंड वाकडं झालं माझं.

६ एप्रिल

चार दिवस झाले, सारजाला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर पंप, धूर न्हाई, धूळ न्हाई, चढ न्हाई. बरी होणार न्हाई. सांभाळली तर राहील.

चूल उचलून मागं परड्यात मांडली. मालकांना म्हणले, बिडी घरात न्हाई, ओट्यावर न्हाई, दाराच्या वाऱ्यावर पण न्हाई. म्हणतात, "घर माझं आन् मीच बाहीर?" त्यांच्या बिडीबंडलासकट काडेपेटी उचलून उकिरड्यावर टाकली. हे दोन दिवस बोलले न्हाईत. आता मारुतीच्या पाराखाली जाऊन ओढतात. त्यांचा खोकला हितपर्यंत ऐकू येतो. मशीन बाद न्हाई, त्यांना पण ठाऊक हाय.

१२ एप्रिल

आज बोलले.

सगळी टोळी बसवली आन् उभी राहून सांगितलं. सारजा कामचोर नव्हती. तिला हवा पुरत नव्हती. तिनं बसू द्या म्हणलं, मी बिडी मागितली. तुमच्यासमोर मागितली, तुमी बघितलंय. ज्याला दम लागतो, चढाला थांबावं लागतं, सकाळी कफ पडतो, त्यानं दवाखान्यात जाऊन त्या मशीनमधी फुकून यावं. दमाला बिडी औषध न्हाई. बिडीनंच दम जातो.

बोलणं धड झालं न्हाई.  हरिबानं ऐकून घेतलं, मान हलवली आन् सवयीनं पेटवली. पेटवल्यावर बघितलं माझ्याकडं. विझवली न्हाई, पण उठून लांब जाऊन बसला.

छबुबाई म्हणली, "पास मीच दिला व्हता गं. सोत्ताला एकलीलाच कावून लावून घेतीस?" तिचे डोळे भरले होते. त्या म्हातारीला मी कधी रडताना बघितलं न्हाई.

सुंदररावांना निरोप पाठवला, मुकादम बदलायचा तर बदला. मी असेपर्यंत माणसं बसणार. उत्तर न्हाई अजून.

येताना पाय हलके वाटत होते. वाटलं, जेवढं निस्तरता येईल तेवढं निस्तरलं.

१५ एप्रिल

कामावरून लवकर आले. सारजा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, एकटीच. माझी चाहूल लागली तशी दचकली. गडबडीनं कनवटीतून बिडी काढून ओठात धरली. पेटवलेली न्हवती. काडेपेटी तर घरातच न्हाई.

म्हणले, "अगं, ही कशाला?"

म्हणली, "बसलेय, बाई."